हिरवं काही ठेवू नका

जळगावच्या कलेक्टर कचेरीसमोर कडुनिंबाखाली तोताराम आबा अर्ज लिहायला बसत. बुडाखाली पोतं, पुढ्यात उतरतं मेज आणि कानावर टाक. तक्रार कशाचीही असो, विहीर बुजल्याची असो की बैल चोरीला गेल्याची, आबांच्या अर्जात घरी म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली असायचीच. ज्याची आई कधीच वारली होती, त्यालाही आबा ती सरकारदरबारापुरती परत आणून देत. कुणी कुरकुर केलीच तर म्हणत, "माय मोठी का माफी मोठी?"

ही विद्या आबा आणेवारीत शिकले होते. मूळचे ते धुळ्याकडचे. तरुणपणी त्यांच्या गावात एका साली पीक बुडालं. किती आणे पिकलं ते ठरवायला साहेब घोड्यावरून आला, आणि नेमका रस्त्याकडेला आबांच्याच शेताचा एक तुकडा हिरवागार डुलत होता. साहेबाने तेवढाच पाहिला, मान डोलावली, आणि साऱ्या गावाचा शेतसारा माफ न होता कायम झाला. गावाने आबांशी वर्षभर चिलीम ओढली नाही. तेव्हापासून आबांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली : साहेब यायच्या आत हिरवं झाकायचं. पुढे अर्जदाराला कागदाबरोबर हा सल्लाही ते फुकट देऊ लागले. "साहेब येवाना पहिले हिरवं काही ठेवू नका," असं बजावल्याशिवाय ते कुणालाही उठू देत नसत.

एकोणीसशे तेहतीसच्या सुमारास या आबांकडे मुरलीधर नेहेते आले. हे रावेरकडचे, पुण्याला शेतकीचं शिक्षण घेऊन आलेले, आणि कपाशीवरच्या मर रोगाने पछाडलेले. उभं झाड दुपारी मान टाकतं आणि आठवड्यात काडी होतं, तो हा मर. मेहरूणच्या तळ्यापलीकडे त्यांना प्रयोगाला जमिनीचा एक तुकडा मिळाला होता. तिथे मुद्दाम रोगट जमिनीत त्यांनी दोन वर्षं कपाशी लावली. सारी मेली. एका ओळीतली पाचसहा झाडं तेवढी मेली नाहीत. आजूबाजूला मसणवट आणि मधे ही झाडं बोंडं धरून उभी. त्यांचं बी, म्हणजे सरकी, वाढवायचं, पुन्हा रोगट जमिनीत पेरायचं, जगेल ते पुन्हा निवडायचं, असं चार-पाच वर्षांचं काम होतं. त्याला माणसं, जमीन आणि पैसा हवा. कापसाच्या संशोधनाला पैसा देणारी एक सरकारी समिती मुंबईत होती. नेहेत्यांनी तिच्याकडे दोनदा अर्ज केला आणि दोन्ही परत आले.

आबांनी दोन्ही अर्ज वाचले. ते मॅट्रिकला बसून उठलेले होते, आणि इंग्रजी त्यांना रडण्यापुरतं उत्तम येत असे.

"भाऊ," ते म्हणाले, "तुम्ही सरकारले प्रश्न इचारी ऱ्हायनात. सरकारले प्रश्न आवडत नही, संकट आवडस."

"पण आबा, खरं तेच लिहिलंय. यश येईलच असं सांगता येत नाही."

"खरं शे म्हणीसनच परत उनं ना!"

आबांनी तिसरा अर्ज लिहिला. त्यात खानदेश उजाड झाला, बायाबापड्यांनी टाहो फोडला, आणि शेवटी प्रयोगाच्या शेतात 'एकही झाड उभे राहिले नाही' असं आलं. नेहेते दचकले. "आबा, माझं सगळं काम त्या उभ्या झाडांवर आहे!"

"ते मंजूर व्हयनं का मंग सांगू. आते रडू द्या."

नेहेत्यांनी त्यांना झाडांचं महत्त्व समजावलं, एकदा नाही, पाचदा समजावलं. आबा मान हलवत होते. पण जन्मभर ऐकून ऐकून त्यांच्या कानांना एक खोड लागली होती. अर्जात बसेल तेवढंच आत जायचं, बाकीचं बाहेरच्या बाहेर परत. नेहेते मराचा अभ्यास करतात एवढं आबांना कळलं. म्हणजे मेलेली झाडं हीच त्यांची इस्टेट, असा त्यांनी हिशेब बांधला. दोनदा हात पोळलेल्या नेहेत्यांनी डोळे मिटून सही ठोकली.

आणि काय नवल, समितीचा साहेब शेत पाहायला यायचं ठरलं!

कार्तिकातले दिवस होते. साहेबाला आणायला नेहेते आदल्या दिवशी भुसावळला गेले. जाताना म्हणाले, "आबा, शेताकडे लक्ष असू द्या. उद्यावर सगळं आहे." आबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते दुपारीच शेतावर गेले, आणि बघतात तर ती पाचसहा झाडं पांढरीशुभ्र फुटलेली. अर्जात एकही झाड नाही आणि इथे हे वैभव! अर्ज खोटा ठरणार, नेहेते तोंडघशी पडणार. तोच रस्ता, तोच साहेब, तोच हिरवा तुकडा, सगळं त्यांना जसंच्या तसं आठवलं. नेहेत्यांनी त्या झाडांना लाल दोरे बांधले होते. एवढा शिकलेला माणूस, पण दृष्ट लागायला भितो, असं म्हणत आबांनी एकेक झाड मुळासकट उपटलं. बायको भिकुबाई बरोबर होती. ती म्हणाली, "बोंडं कसाले वाया घालवानी?" आणि तिने ती ओच्यात भरून घरी नेली.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. नेहेते त्याला मेलेल्या ओळींमधून हिंडवत होते, पण त्यांची पावलं त्या एका ओळीकडे ओढ घेत होती. अर्जात काहीही असो, झाडं डोळ्यांनी पाहिली की साहेबाला कळेल, असा त्यांचा बेत होता. "आता हे पाहा," असं म्हणत ते वळले आणि थांबले. तिथे उकरलेली माती होती आणि एक लाल दोरा पडला होता. नेहेते खाली बसले. त्यांचे डोळे भरून आले.

साहेब गहिवरला. शेतकऱ्याच्या दुःखाने असा कोलमडणारा शास्त्रज्ञ आपण उभ्या नोकरीत पाहिला नाही, असं त्याने तिथल्या तिथे बोलून दाखवलं. आबांची छाती फुगली. आपण सांगितलं होतं ना, रडू द्या म्हणून!

मग आबांच्या घरी चहा झाला. भिकुबाईने घट्ट दुधाचा चहा साहेबापुढे ठेवला. साहेबाने दुधाची तारीफ केली, ती आबांनी तिला सांगितली. ती लाजून म्हणाली, "आज सरकी चारी ना म्हशीले. भाऊनीच शे ती, त्या उपटेल झाडेसनी."

नेहेत्यांनी कपबशी खाली ठेवली. ते आबांकडे नुसते बघत राहिले. त्या बघण्याने, पाचदा सांगून जे आबांच्या आत गेलं नव्हतं ते सगळं एकदम आत गेलं. शेजारी साहेब दुसरा कप मागत होता.

महिन्याभरात मदत मंजूर झाली, मागितली होती तेवढी पूर्ण. प्रयोगात एकही झाड न जगल्याने, मरातून जगणारं झाड आधी शोधून काढावं, म्हणजे पुढचं काम करता येईल, असा हुकूम होता. जे हातात होतं तेच शोधायला सरकारने पाच वर्षं दिली.

नेहेते रागावले नाहीत, तेच आबांना सोसवलं नाही. त्यांनी कडुनिंबाखालचं पोतं गुंडाळलं आणि त्या मदतीवर नेहेत्यांचे कारकून झाले. दोघं एरंडोल, पारोळा, शिंदखेडा पालथं घालत हिंडले. मराचं शेत दिसलं की आबा ओळीओळीतून वाकून चालत. कमरेचा काटा ढिला झाला, झाड सापडलं नाही.

पाचव्या वर्षी साक्रीकडच्या एका ओळखीच्याचा सांगावा आला. चिंधा नावाच्या शेतकऱ्याची सारी कपाशी मराने बसली, पण एक झाड उभं आहे, बोंडांनी लगडलेलं. दोघं छकड्यातून निघाले. उन्हासाठी नेहेत्यांनी डोक्यावर हॅट घातली होती, ती लांबूनच दिसत असणार. बांधावर पोचले तेव्हा चिंधा हात जोडून उभा होता.

"देखा मायबाप, एक बी झाड नही ऱ्हायनं!"

"आणि ते उभं होतं ते?" नेहेत्यांनी विचारलं.

"साहेब येनार शे कळनं, कालदिनच उपटी टाकं," चिंधा ओशाळून हसला. "जळगावले कचेरीपुढे एक म्हातारा बसे. मना बापले त्यानीच सांगेल व्हतं, साहेब येवाना पहिले हिरवं काही ठेवू नका. देवमाणूस व्हता."

नेहेते आबांकडे वळलेसुद्धा नाहीत.

"सरकी कोठे शे?" आबांनी चिंधाचा दंड धरला. "सरकी!"

"ती आत्तेच म्हशीले..."

साठीचा म्हातारा धोतर आवरत गोठ्याकडे धावला. म्हैस घमेल्यात तोंड घालून होती. आबांनी तिचं थोबाड दोन्ही हातांनी ढकललं, तिने शिंग हाणलं, आबा गुडघ्यांवर आले, पण घमेलं सोडलं नाही. कोपरापर्यंत हात घालून ते तळ चाचपत राहिले. भिजलेली, लाळेने माखलेली मूठभर सरकी वर आली. आबा ती ओंजळ पुढे करून बसले होते आणि लहान पोरासारखे हुंदके देत होते. जन्मात पहिल्यांदा ते कुठल्याही साहेबासाठी रडत नव्हते.

नेहेते शेजारी खाली बसले आणि त्यांनी रुमाल पसरला. "भिजलेली आहे, आबा," ते म्हणाले. "आजच पेरावी लागेल."