कोरड्या दगडाच्या पोटातलं पाणी

शेणव्याच्या शिवेला जी वाडी आहे, तिथल्या पोश्याइतका भित्रा माणूस त्या मुलखात दुसरा झाला नाही. यात त्याची निंदा नाही बरं का, तो स्वतःच हे हौसेनं सांगायचा. ओढ्यात पाय घालायच्या आधी तो खडा टाकून बघायचा. जांभळीखालून जाताना मुद्दाम खोकायचा, म्हणजे वर कोणी बसलं असेल तर त्यानं सावरून बसावं. लोक त्याला सशा म्हणायचे. "वाघाच्या छातीची मानसं वाघानंच खाल्ली रे," तो म्हणायचा, "ससा अजून रानात हाय."

त्याचं लग्नसुद्धा भीतीनंच जुळलं. एकोणीसशे सत्तावन्न-अठ्ठावन्नचा सुमार. कसाऱ्याच्या घाटात रस्ता रुंद करायचं काम निघालं होतं आणि भाताची कापणी उरकली की वाडीतली माणसं तिकडे दगड फोडायला जायची. एकदा दुपारी पोश्या झुडपात गेला आणि मागून कोणीतरी त्याचं धोतर धरलं. मागं वळून बघायची छाती नाही. तो तसाच उभा राहिला, हात जोडले आणि सुरू झाला, "सोड बा! माज्या बापानं तुजं काय नेलं असंल तर तो मेला. माज्याकडं काय नाय."

मागून खुदखुद हसू आलं.

"मागं बघ की रे."

"नाय बघनार."

"करवंदीचा काटा हाय. भूत नाय."

ती यमू. मुरबाडकडच्या वाडीतली, त्याच कामावर खडी वाहणारी. तिनं काटा सोडवला आणि शिमग्याच्या आत दोघांचं लग्न लागलं.

यमूला भीती नावाची गोष्टच ठाऊक नव्हती, आणि सगळं पुढचं रामायण त्यातूनच झालं. कामावरचा मुकादम कमळाकर मोठा गमत्या. रस्त्याखाली एक लांब मोरी बांधली होती, तिच्या मध्यावर भर दुपारी काळोख असे. जेवणाच्या सुट्टीत त्यानं सगळ्यांना आत नेलं, दोन पांढऱ्या गारगोट्या घेतल्या आणि एकमेकींवर जोरानं घासल्या. ठिणगी नाही, जाळ नाही, पण दोन्ही दगड आतून उजळले! फिकट पिवळसर उजेड, आणि नाकाला जळका वास. हात थांबला की उजेड विझला.

पोश्या पंचा तिथंच टाकून जो पळाला, तो थेट रेल्वेच्या रुळापाशी जाऊन थांबला. यमू मात्र आतच उभी. "अजून एकदा करा की मुकादम," म्हणाली, आणि निघताना त्या दोन गारगोट्या पदराच्या गाठीत बांधून घेऊन आली.

आता चुलीचं ऐका. वाडीत नवं जोडपं नव्या खोपीत आलं की चुलीचे तीन धोंडे नवऱ्यानं स्वतःच्या डोक्यावर आणायचे, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. आणि धोंडा नदीचा चालत नाही. नदीच्या धोंड्याच्या पोटात पाणी असतं, आग लागली की तो फुटतो, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. पोश्या तर पोश्याच. त्यानं ओढ्याचे धोंडे सोडले, शेतातलेही सोडले, त्यांच्यावर पाऊस पडतो म्हणून. त्याला असा दगड हवा होता ज्यानं जन्मात पाणी बघितलं नाही.

तो त्याला घाटात मिळाला. सुरुंग उडाला आणि डोंगराच्या पार पोटातला एक काळा धोंडा दुभंगून बाहेर पडला. आतून पोकळ, आणि त्या पोकळीला सगळीकडून खडीसाखरेसारखे स्फटिक लगडलेले, काही दुधासारखे पांढरे, काही हिरवट काचेसारखे. पोश्यानं त्यातलं एक कवाड, म्हणजे अर्धा धोंडा, उचललं. खडीच्या मालमोटारीतून शहापूरपर्यंत आणि तिथून डोक्यावरून वाडीत. वाटेत भेटेल त्याला सांगत होता, "ह्यानं पाऊस बघितला नाय, बघितला नाय, आयकलासुदिक नाय!" बाकीचे दोन धोंडे साधे काळे घेतले, आणि ह्या तिसऱ्याची चकाकती बाजू आगीकडे केली. चुलीला शोभा.

सकाळची वेळ होती. पोश्याला लहानाचा मोठा केलेली त्याची आत्या सकुबाई चुलीशी बसली होती. यमूनं चूल पेटवली, भाताचं मडकं ठेवलं. जाळ चांगला धरला तसा धोंडा बोलायला लागला. टक. टक. स्फटिकांचे पापुद्रे सुटायला लागले, पांढरे फुगून वर आले.

"यमू, ह्यो धोंडा हसतो काय गो?" सकुबाई म्हणाली.

आणि धाडकन आवाज झाला. मडक्याचे तुकडे, भात कुडाला, राख डोळ्यांत. एक कपची सकुबाईच्या भुवईवर बसली आणि रक्ताची धार लागली. पोश्या अंगणात कधी पोचला हे त्याचं त्यालाही कळलं नाही. तिथून त्यानं मागं वळून बघितलं. धुरात यमू उभी होती. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं.

वाडी जमली. माणसं काही मूर्ख नव्हती, रीतसर विचार करणारी होती. धोंडा नदीचा होता काय? नाही, पोश्यानंच गावभर डांगोरा पिटला होता. मग धोंड्याच्या पोटात पाणी नाही. मग धोंड्याचा दोष नाही. मग दोष चूल पेटवणाऱ्या हाताचा. आणि सकुबाईनं कपाळाला फडकं दाबून धरत वर सांगितलं, "काल कोपऱ्यातल्या अंधारात ही बसली व्हती. हातातून उजेड काढत व्हती. म्या माज्या डोळ्यांनी बघितलं."

"गारगोट्या हायत त्या आत्ये," यमू म्हणाली.

"मंग आमाला कसा कंदी गारगोटीनं उजेड नाय दिला?"

यमूनं पदराची गाठ सोडून गारगोट्या पुढं केल्या, पण हात लावायला कोणी धजलं नाही. वाडीतला धर्मा भगत तसा वाईट माणूस नव्हे, विंचू उतरवायचा, मोडलेलं हाड बसवायचा. तोही खाली बघतच बोलला, "परवा आवस हाय. सकाळी सुपात तांदूळ टाकून कौल घेतो. भुताळी म्हणून हिचं नाव निघालं, तर शिवेभायेर."

शिवेबाहेर म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. भुताळी म्हणून काढलेल्या बाईला दुसरी कुठलीही वाडी घेत नाही. माहेरी ती पोचायच्या आधी तिची बातमी पोचते.

पोश्याच्या पाचावर धारण बसली. आजवर त्याला एका वेळी एकच भीती असायची. ओढ्यात ओढ्याची, जांभळीखाली जांभळीची. आता तीन आल्या. यमूची भीती, कारण काय सांगावं, खरंच असली तर? भगताची भीती, आणि यमू जाईल ही भीती. पहिलीनं तो तिच्यापासून लांब सरकायचा, तिसरीनं परत जवळ यायचा, असं ते घटकाभर चाललं होतं.

शेवटी यमूच म्हणाली, "तुला काय वाटतं?"

"मला... भ्याव वाटतं."

"कुनाचं?"

पोश्या उठला आणि चालायला लागला. कुठे, ते त्याला शहापूर आल्यावर कळलं. तो कसाऱ्याला निघाला होता. तिथून त्यानं खडीची मालमोटार धरली. धोंड्याचं दुसरं कवाड तिथं होतं. ते तिथंही फुटलेलं असलं, तर यमूचा काय संबंध? एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

कवाड जसंच्या तसं पडलेलं होतं. वर कड्याला सुरुंगाची भोकं पाडणं चाललं होतं. पोश्या डोकं दोन्ही हातांनी झाकून त्या धोंड्यापाशी उकिडवा बसला.

"काय रे सशा, बायकोनं हाकलला का?" कमळाकर मुकादमानं हाक मारली.

पोश्यानं रडत रडत सगळं सांगितलं. कमळाकरचं हसू मावळलं.

"अरे, रस्त्याच्या कामावरच्या साहेबानं हेच दगड मुंबईला पाठवायला पेटीत भरले. त्यानंच सांगितलं, ह्यांच्या पोटात पाणी असतं."

"डोंगराच्या आतला हाय तो मुकादम! पानी कुठून येल?"

"ओला नव्हे रे. डोंगर आगीचा रस होता तेव्हा त्यात बुडबुडे राहिले. पुढं त्यांत पाणी झिरपलं आणि त्यातून हे स्फटिक वाढले, मिठाचे खडे वाढतात तसे. वाढताना पाणी घडणीतच बांधलं गेलं. भाताचा दाणा कोरडाखट्ट असतो ना? मग भाजला की लाही का फुलते? आतलं पाणी बाहेर पडायला बघतं म्हणून. तसंच हे. आग लागली की पाणी वाट काढतं, आणि वाट मिळाली नाही की घडणच मोडते."

"आनि हातातला उजेड?"

"तो गारगोटीचा. रगडली की आतली घडण तुटते, तिच्या अंगातली वीज बाहेर पडते. तुझ्या हातांतूनसुद्धा पडेल. चल मोरीत."

"नको."

"मग तांदळाला विचारू दे भगताला."

पोश्या मोरीत गेला. त्यानं दोन गारगोट्या घेतल्या आणि जीव खाऊन घासल्या.

"दिसला का उजेड?"

"नाय!"

"अरे, डोळे उघड की गाढवा!"

त्यानं डोळे उघडले. त्याच्या स्वतःच्या मुठीत तोच फिकट उजेड धडधडत होता. त्याची भीती गेली का? छे. तिचं तोंड तेवढं फिरलं, यमूकडून दगडाकडे.

मालमोटारीतून शहापूरपर्यंत आणि तिथून डोक्यावरून, दिवस मावळायच्या आत कवाड वाडीत आलं. धर्मा भगतानं मुकादमाचं म्हणणं पोश्याकडून ऐकून घेतलं आणि कवाड फिरवून बघितलं. "लाही मला कळते. गारगोटीचा उजेडबी तुज्या हातात बघितला," तो म्हणाला. "पन हे तू भिजवून आनलं नसशील कशावरून?"

"मंग तुमच्या छपरावर ठेवा. उद्याचा दिसभर उनात. मी हात लावनार नाय."

चैत्र तोंडावर आलेला, ऊन असं की कौलं चटकत होती. दिवसभर धोंडा भगताच्या छपरावर आणि वाडी छपराखाली. पोश्या लांब बांधावर बसून होता. एक ढग आला तसा तो उठून उभा राहिला. पाऊस पडला तर मेलो! ढग किन्हवलीकडे निघून गेला.

अवसेच्या सकाळी यमूला पार पलीकडे, आंब्याखाली उभी केली, तिचा हात कशाला लागला असं कोणी म्हणू नये म्हणून. भगतानं स्वतःच्या हातानं धोंड्यातले स्फटिक फोडले, आपल्याच घरच्या खापरात घातले आणि आपल्याच चुलीवर ठेवले. शेजारी सुपात तांदूळ तयार होते. पोश्यानं तेवढ्यात घाबरून पितळी उचलली आणि खापरावर पालथी घातली.

"झाकतोस कशापायी रे?" सकुबाई ओरडली.

"फुटंल ना आत्ये! तुजा दुसरा डोळा ऱ्हाऊ दे!"

आणि तो तिच्याच मागं जाऊन उभा राहिला.

टक. टक. माणसं मागं सरली. एका बाईनं पोर पदराखाली घेतलं. टक. मग आवाज बारीक झाला, मग थांबला. भगतानं काठीनं पितळी उलटली.

पितळीच्या आतल्या बाजूला थेंब होते. घामानं कपाळ डवरावं तसे टपोरे थेंब. दोन एकमेकांत मिसळले आणि ओघळ धरून खाली आले. खापरातले स्फटिक चकाकी जाऊन चुन्यासारखे पांढरेफटक झाले होते. भगतानं बोट लावलं, हुंगलं, जिभेला लावलं. सगळी वाडी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"पानी हाय," तो म्हणाला.

मग भगतानं सूप उचललं आणि सकुबाईच्या पुढ्यात ठेवलं. "हे नेऊन शिजव. आता तांदळाला काय इचारायचं ऱ्हायलं नाय."

सगळ्यांना ते पटलं असं मात्र नाही. दोन-तीन बाया पुढची कित्येक वर्षं यमू दिसली की पोरं आत घ्यायच्या. सकुबाईनं भुवईची खपली पडेपर्यंत अबोला धरला, आणि खपली पडल्यावर एवढं बोलली की आधीचाच बरा होता. वाडीत नवी चूल मांडायची तर धोंड्याची कपची पितळीखाली तापवून बघायचं काम मात्र पोश्याकडे आलं. साठ सालानंतर शेणव्याची शेतकरी मंडळीही त्याला बोलवायची. भित्र्या माणसाचीच परीक्षा खरी, असं म्हणायची.

पण ते सगळं नंतरचं. त्या सकाळी यमू आंब्याखालून चालत आली, ती हसत नव्हती.

"धोंडा फुटला तवा तू पयलं कुनाकडं बघितलंस?"

पोश्याला खोटं बोलायचीही भीती वाटायची. "तुज्याकडं."

"कसं?"

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"मला दिसलं व्हतं," ती म्हणाली. "तिसरा धोंडा आता मी आननार. रीत गेली खड्ड्यात."

"बाईनं आनला धोंडा तर..."

"तर काय?"

"काय नाय."

तिनं शेताच्या बांधावरचा एक साधा काळा धोंडा निवडला आणि एकटीनं डोक्यावर आणला. पोश्यानं पितळी पुढं केली. तिनं ती बाजूला सारली, धोंडा चुलीला लावला, जाळ केला आणि मडकं चढवलं. मग परवा सकुबाई बसली होती त्या जागेकडे बोट दाखवलं.

पोश्या दाराशी उभा होता. पाय बाहेर पळायला बघत होते. तो आत आला आणि त्या जागेवर बसला, धोंड्यापासून हातभर अंतरावर. डोळे गच्च मिटलेले. धोंडा तापला. लाकूड मध्येच चटकलं तेव्हा पोश्याच्या तोंडून आईचं नाव निघालं, पण तो उठला नाही. भात शिजेपर्यंत यमू त्याच्याकडेच बघत होती.