मोलकरणीची साक्ष

घाटकोपरला पंतनगरात आमच्या इमारतीत पहिला रंगीत टीव्ही आला तो कुंडलिक पेडणेकरांकडे. दर रविवारी संध्याकाळी सिनेमा बघायला आम्ही निम्मी इमारत त्यांच्या खोलीत जमत असू. पुढे सतरंजीवर बायका, मागे पुरुष, आणि दाराजवळच्या कोपऱ्यात सुगंधा घाडी. ती आमच्या मजल्यावरची, माझ्याच वयाची. भजनी मंडळात पहिला आवाज तिचा असायचा, पण एरवी चार माणसांत ती फारशी बोलत नसे. तिचे यजमान दत्ताराम गिरणीत होते. संपानंतर गिरणी सुटली ती सुटलीच, आणि ते विक्रोळीला एका कंपनीत वॉचमन म्हणून लागले. तेव्हापासून घरात त्यांचा आवाज वाढला होता.

एका रविवारी जुना काळा-पांढरा सिनेमा लागला. कुंडलिकांनी दोनदा उठून बटणं फिरवून बघितली. ह्यासाठी रंगीत घेतला काय, असं ते सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं पुटपुटले.

सिनेमा खुनाचा होता. एका शेठाला त्याची बायको मारते, आणि अडकतो तिच्या नादी लागलेला एक कारकून. सगळा मामला अंधारातला. जिने, भिंतीवर लांबलचक सावल्या, सिगारेटचा धूर. माणसाचं अर्धं तोंड दिसायचं आणि अर्धं काळोखात जायचं. लोक वैतागले. मागून कोणीतरी म्हणालं, ह्यांचं लाइटचं बिल थकलं असणार. कुंडलिकांच्या बायकोला, नलिनीला, शेठाणी सिगारेट ओढते ह्याचाच राग आला आणि ती तो पुन्हा पुन्हा बोलून दाखवत राहिली. रुक्मिणीकाकू गाण्याची वाट बघून कंटाळल्या. एवढा उंच हिरो बाईपुढे असा बावळटासारखा कसा उभा राहतो, ह्यावर पुरुषांत बराच वेळ हसाहशी चालली.

शेठाच्या घरात एक मोलकरीण होती. तरुण, सावळी, दाराआडून सगळं ऐकणारी. ती दिसली की बायका तिला शिव्या घालायच्या. ही भवानीच घात करणार, असं नलिनी म्हणाली.

कोर्टाचा सीन सुरू होणार तेवढ्यात कुंडलिक उठले. डोकं उठलं ह्या काळोखानं, म्हणत त्यांनी टीव्हीच्या बटणाला हात घातला.

"बंद करू नका," कोपऱ्यातून सुगंधा म्हणाली. "मी आहे त्यात."

लोक हसले. तिनं थट्टा केली असं वाटलं, आणि सुगंधा कधी थट्टा करत नसे म्हणून जास्तच हसले. कुंडलिकांचा हात तसाच राहिला. तेवढ्यात पडद्यावर ती मोलकरीण पिंजऱ्यात येऊन उभी राहिली आणि बोलायला लागली. भाषा हिंदी होती, पण आवाज आम्ही दर शुक्रवारी भजनात ऐकत होतो तो. कारकुनाला मी रक्ताच्या हातांनी जिना उतरताना बघितलं, असं तिनं शांतपणे सांगितलं. धडधडीत खोटं. सांगताना तिनं एकदाच पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. त्या साक्षीवर हिरो फासावर गेला आणि शेठाणी सुटली.

सिनेमा संपल्यावर टाळी वाजवावी की शिवी द्यावी हे कोणाला कळेना. रुक्मिणीकाकूंनी तोंडावरच विचारलं, "एवढं खोटं तुझ्या तोंडून निघालं तरी कसं गं?" पुरुषांनी दत्तारामांकडे बघितलं. ते चपला घालून निघून गेले.

पुढचं सगळं तिनं मला नंतर सांगितलं. सतरा-अठरा वर्षांची असताना ती अंधेरीला आत्याकडे राहायला होती. तिथं जवळच्या स्टुडिओत गर्दीत उभं राहायला मुली लागत, तशी ती गेली. रांगेत एका बाईनं तिला ढकललं म्हणून ती कचाकचा भांडली, ते दिग्दर्शकानं ऐकलं आणि तिला मोलकरणीचं काम दिलं. हिंदी येत नव्हती, तरी येते म्हणून तिनं ठोकून दिलं. काम पुरं झालं आणि बापाला पत्ता लागला. त्यानं तिला सरळ गावी नेऊन लग्न लावलं. सिनेमा थिएटरात लागला तेव्हा ती कुडाळजवळच्या खेड्यात गुरांना पेंढा घालत होती. स्वतःचं काम तिनं त्या रविवारीच पहिल्यांदा बघितलं.

त्या रात्री तिच्या घरात काय झालं ते भिंतीपलीकडून मलाही ऐकू आलं.

"इतकी वर्सां माझ्या बाजूक बसलंस आणि माका पत्तो नाय," दत्ताराम म्हणाले.

"तुमच्या आवशीक सगळा म्हायत होता. तिनाच सांगल्यान, झिलाक बोलू नको."

मुलाला बोलू नको म्हणणारी ती सासू जाऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हा हे खरं की खोटं विचारायचं कोणाला? दत्ताराम तेच बोलले. खोटं बोलायला तुला शिकवावं लागलं नसेल, असंही बोलले.

"शिकवावं लागलं," सुगंधा म्हणाली. "खूप शिकवावं लागलं."

त्यानंतर इमारतीचं वागणं बदललं. सुरुवातीला बायका नट-नट्यांच्या भानगडी विचारायला यायच्या. तिच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, तेव्हा ती लपवते असं ठरलं. मग भजनात पहिला आवाज नलिनीनं घेतला. संक्रांतीला सुगंधाच्या दाराशी हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. नळावर कोणाची बादली सरकली, कोणाचा टॉवेल दोरीवरून गेला, की वाद व्हायचा आणि कोणीतरी म्हणायचं, हिला काय विचारता, ही साक्ष देण्यात पटाईत. मी तिच्या बाजूनं बोलले तर मलाही दोन शब्द ऐकावे लागले. दत्ताराम जेवायला बसत, पण बोलायचं असेल ते त्यांच्या मुलामार्फत.

एकदा जिन्यात मी तिला म्हटलं, बोलली नसतीस तर काय बिघडलं असतं? कुंडलिकांनी टीव्ही बंद केला असता आणि विषय संपला असता.

"मला बघायचं होतं," ती म्हणाली. "आणि काम चांगलं झालं होतं गं. एवढी माणसं उगाच चिडली का?"

त्या उन्हाळ्यात कामगार कल्याण केंद्राच्या नाटकाला सासूचं काम करायला बाई मिळत नव्हती. दत्ताराम गिरणीत असतानाची तिची तिथं ओळख होती. ती जाऊन उभी राहिली. घरी सांगितलं ते असं की मी तालमीला जाते, भात झाकून ठेवलाय. दत्तारामांनी ताट ढकललं. ती गेली.

प्रयोगाला आमची इमारत आली. कौतुकानं नाही, बघू तरी काय दिवे लावते म्हणून. सासू छळणारी होती. पोटुशा सुनेला ती उपाशी ठेवते, त्या प्रसंगाला मागच्या बाकावरून एक बाई उठून ओरडली, मेली सडून मरशील. ओरडणाऱ्या रुक्मिणीकाकू होत्या. प्रयोग संपल्यावर त्या सुगंधाला न भेटताच घरी गेल्या. नलिनी भेटली, पण फार भडक केलंस एवढंच म्हणाली. सुगंधानं रंग पुसता पुसता मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर मला राग दिसला नाही. ती भुकेली होती. आम्ही दोघींनी स्टेशनजवळ बटाटेवडे खाल्ले आणि चालत घरी आलो.

दत्ताराम प्रयोगाच्या आदल्या दिवशीच गावी निघून गेले होते. परत आल्यावर नाटक कसं झालं ते त्यांनी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. पुढच्या वर्षी तिनं दोन नाटकांत काम केलं.