बांधावरच्या मुठी

ये गं, अशी जवळ बस. गणपतीला येते म्हणालीस आणि आता दिवाळी आली, हे काय वागणं झालं? आणि आल्या आल्या मलाच शिकवतेस, "आजी, पाऊस बिघडला तो सगळ्यांचाच ना?" बिघडला सगळ्यांचा, पण सगळ्यांना सारखा नाही गं बिघडला.

चेण्याला, माझ्या माहेरी, थोरल्या वहिनीचं आणि धाकट्या भावाचं शेत एकाच बांधाला लागून आहे. थोरला भाऊ गेल्यापासून वहिनी एकटीच कसते. धाकट्याकडे बोअर, वहिनीकडे नुसतं आभाळ. यंदा दोघांनी भाताची रोपं एकदमच टाकली. बोटभर उगवली आणि पाऊस जो गेला, तो गेलाच. बोअरला करंगळीएवढी धार, त्यात भावाचीच रोपं कशीबशी तगली. वहिनी हंड्याने पाणी घालत राहिली, तरी निम्म्याहून जास्त पिवळी पडून गेली.

पाऊस परत लागला तेव्हा मी तिथेच होते. आमच्याकडे रीत अशी, की आपली लावणी झाली की उरलेल्या रोपांच्या मुठी बांधून बांधावर ठेवायच्या. ज्याला कमी पडतील त्याने उचलायच्या. विचारायचं नाही, आभार तर नाहीच नाही. भावाने बांध भरून मुठी ठेवल्या. संध्याकाळी बघतो तर काय, वहिनीने सगळ्या डोक्यावरून आणून त्याच्याच अंगणात रचलेल्या!

"भाऊजी, तुमच्या मुठी इसरल्या बांधावर."

"इसरलो न्हाय, उरल्यात."

"एवढ्या? रोपं टाकताना अंदाज येत न्हाय का?"

"न्हाय येत. शाळेत तुम्हीच धाडायच्या ना मला? मास्तरला इचारा."

मला हसू आवरेना. वहिनी आधी रागावली, मग पदर तोंडाला लावून हसत सुटली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं तिच्या शेतात वाकलो. माझी कंबर अजून बोलतेय.

भात लागलं, पण उशिरा. भावाचं आता कापून घरात आलंय. वहिनीचं अजून उभं आहे, आणि रोज दुपारी डोंगरावरून ढग येतात. एक सर आली की आडवंच होणार, मग वर्षभराचा तांदूळ विकतचा. दाणा पिकला की एका दमात कापून उचलायला हवं, हात कमी आहेत. विळा नाही जमला तरी चालेल, भारे उचल. मी उद्याच जाऊन बसतेय तिकडे. तू आता घरी जाशील, तर तिथून थेट चेण्यालाच ये, पण ये गं लवकर.