निळं बटण आणि माझे हात

बसा, चहा घ्या. माझ्या हातून झालेला घोळ ऐकायचाय ना? मग कप खाली ठेवून ऐका, नाहीतर ठसका लागेल. नंतर मला बोलायचं नाही!

माझे हात मूळचेच वळवळे. गिरणीत फिटर होतो ना मी! संप झाला, गिरणी गेली, मी सतरा ठिकाणी नोकऱ्या केल्या, पण हातातला फिटर काही रिटायर झाला नाही. पंखा कुरकुरला, ऊठ. नळ ठिबकला, ऊठ. आमची ही मालवणची. ती म्हणते, "तुमका गप बसूक काय होता?" आता काय होतं ते मला कळलं असतं तर बसलो नसतो का?

तर परळला आमची खोली. पोरगी अश्विनी कॉलेजात, आणि तिला वेड डोंगरात सायकल पळवायचं. दारात एवढे खड्डे फुकट असताना ही खड्डे शोधायला पार कर्जतच्या पुढे जाते! क्लबने तिला एक भारीतली सायकल वापरायला दिली होती. दसऱ्याला सकाळी रेस. पहिल्या तिघींत आली तर सायकल वर्षभर तिच्याकडे, नाहीतर परत. महिनाभर पोरीचं जेवणात लक्ष नव्हतं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. अश्विनी हातमोजे आणायला दादरला निघाली. जाताना दारातून ओरडली, "पप्पा, सायकलला हात लावू नका हां!"

"नाही गं, वेडी का तू!"

आणि देवाशप्पथ सांगतो, वीस मिनिटं नाही लावला.

पण खंडेनवमी हो! गिरणीत त्या दिवशी आम्ही मशीन लख्ख पुसायचो, एकूण एक बोल्ट कसायचो, मग हळद-कुंकू आणि झेंडू. ढिल्या मशीनची पूजा केली असती तर जॉबरने, म्हणजे आमच्या मुकादमाने, कानाखाली वाजवली असती. आणि इथे घरात एवढं मशीन, ते बिनपूजेचं ठेवू?

घेतलं फडकं. चष्मा कुठे होता कुणास ठाऊक. पुढच्या चिमट्यावर, म्हणजे अश्विनीच्या भाषेत फोर्कवर, एक मळकी चिकटपट्टी होती. काढली ओढून. वर उजवीकडे एक निळं बटण. फिरवलं तर टिक-टिक करत फिरतंय! अरे, एवढी महागाची सायकल आणि बटण ढिलं? कसलं शेवटपर्यंत. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

मग सहज हँडल दाबलं. फोर्क हलेना. रोज सकाळी अश्विनी दाबायची तेव्हा गादीसारखा खाली जायचा, आणि आता नुसती पहार!

शेजारच्या मोरेंना हाक मारली. तेही जुने गिरणीवाले, वजनाने शंभराच्या वर.

"जाम झालाय," मोरे म्हणाले. "दाब द्यायला पाहिजे."

"मग द्या की, बघताय काय!"

मोरे हँडलवर ओणवे झाले. तरी ढिम्म. मग मोरेंच्या पाठीवर मी.

"अगो बाय माझे! ह्या काय चललाहा?" ही किंचाळली, आणि नेमकी तेव्हाच अश्विनी दारात.

ती तडक पुढे आली आणि निळं बटण उलटं फिरवलं. फोर्क फस्सकन खाली गेला, आणि मोरे नि मी एका गठ्ठ्यात जमिनीवर.

"कॉम्प्रेशन आहे ते, पप्पा! दणका बसला की फोर्क किती पटकन दबायचा, ते ह्याने ठरतं. पूर्ण कसलं तर दबणारच नाही!"

"हात्तिच्या! म्हणजे बिघडलं नाही ना? मग सोड की पाहिजे तेवढं."

"पण किती टिक?" ती रडकुंडीला आली. "महिनाभर आपटून आपटून आकडा काढला मी. पाच, नऊ, सात, डोक्यात सगळे कालवलेत, म्हणून तर लिहून ठेवला होता! पट्टी कुठेय?"

पट्टी!

कचऱ्याचा डबा उपडा केला. भेंडीची देठं, चहाचा चोथा, सगळं चिवडलं. मोरे कंबर धरून खाली चाळीच्या कचऱ्याच्या पिंपात बघून आले. पट्टी नाही. अश्विनी कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसलेली. लाज वाटली हो. हे दोन्ही हात कुणाला तरी देऊन टाकावेत असं झालं.

"अवो," ही म्हणाली, "ता झेंडूचा फूल कशान चिकटवलात?"

माझ्या पान्यांच्या पेटीवर पूजेचं फूल, आणि त्याला मीच लावलेली तीच पट्टी! गिरणीवाला काही फुकट घालवत नाही ना!

अश्विनीने पट्टी सोडवली, वाचली, आणि रडता रडता हसायला लागली. मी चष्मा शोधला. पट्टीवर लिहिलं होतं: 'कॉम्प्रेशन सात टिक. पप्पांनी हात लावू नये.'

तिने मोजून सात टिक लावले. पट्टी मात्र फोर्कवर नाही, माझ्या उजव्या मनगटावर चिकटवली. "रेस संपेपर्यंत काढायची नाही!"

दुसऱ्या दिवशी पोरगी तिसरी आली! मी वेडापिसा. डोळे पुसत सगळ्यांशी हात मिळवत सुटलो. पहिल्या आलेल्या मुलीकडेही गेलो. तिने हसून हात पुढे केला, माझं मनगट वाचलं, हात मागे घेतला आणि आपली सायकल उचलून चार पावलं लांब जाऊन उभी राहिली.