हिराजीच्या रायफलीवरची दुर्बीण

घड्याळ उघडून साफ केलं आणि परत जुळवलं, की एखादा स्क्रू उरतोच. घड्याळ चालतं झकास, पण स्क्रू उरतो! तो मी एका डबीत टाकतो. पनवेलच्या बाजारात उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला, डबी भरत आली. आमच्या शिकारी मंडळाचे किस्सेही असेच उरलेत. कुठे बसवायचे ते कळत नाही आणि टाकवतही नाहीत. म्हटलं, आज डबी उघडूनच टाकू.

मंडळ म्हणजे काही फार मोठं समजू नका. माझ्या दुकानाला लागून इस्माईलभाईंचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांच्या बाकावर संध्याकाळी आम्ही चौघे बसायचो. इस्माईलभाई, आमचे डॉक्टर, भाताच्या गिरणीचे शेठ आणि मी. पाचवा हिराजी पाटील. तो कर्नाळ्याच्या पायथ्याच्या गावचा शेतकरी, बाजाराच्या दिवशी यायचा. मी स्वतः आयुष्यात ससासुद्धा मारलेला नाही, पण भिंगातलं कळतं म्हणून मंडळात मला मान! गोष्ट स्वातंत्र्यानंतर दहा-बारा वर्षांची. आणि आधीच सांगून ठेवतो, मुंबईच्या मोठमोठ्या दुकानांना जे जमलं नाही ते आमच्या त्या मोडक्या बाकावर जमलं.

* * *

हिराजीच्या गावच्या भातावर रानडुकरांचा फार जोर. गावकीनं मिळून एक रायफल घेतली होती, लायसन्स हिराजीच्या नावावर. डुक्कर ओढ्यापलीकडच्या झाडीतून निघायचं आणि माणसाचा वास लागला की परत आत. म्हणजे गोळी घालायची ती मचाणावरून, सगळी खाचरं ओलांडून, दीडशे-दोनशे वारांवर! वीस वर्षं हिराजी हे करत होता. गावाचं भात घरी यायचं ते त्याच्या नेमावर.

एका बाजारी तो कागद घेऊन आला. नव्या प्रांतसाहेबांचा हुकूम होता. साठी ओलांडलेल्या लायसन्सवाल्यांनी पावसाळ्यानंतर साहेबांसमोर नेम मारून दाखवायचा. नाही जमला तर बंदूक ठाण्यात जमा.

"मग त्यात काय एवढं?" शेठ म्हणाले. "तुझ्यासारखा नेम तालुक्यात नाही!"

हिराजीनं दुकानातली एक रायफल उचलून खांद्याला लावली आणि तशीच खाली ठेवली.

"माशी दिसत नाय, शेट."

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा दाणा. त्याला लांबचं डुक्कर दिसायचं, ओढा दिसायचा, पण हाताच्या अंतरावरची माशी धुरकट! डॉक्टरांनी चष्मा देऊन पाहिला. माशी लख्ख दिसायला लागली आणि डुक्कर गायब झालं.

इस्माईलभाई म्हणाले, "दुर्बीण बसवू. माशीची कटकटच नको. नेमाची फुली आणि डुक्कर दोन्ही एकाच काचेत दिसतात."

"दुर्बीन लावाला मी काय बोटीवरचा कप्तान हाय?" हिराजी उसळला. मग जरा वेळानं हळूच म्हणाला, "पन गावात नका सांगू. बंदूक गेली त मी वर बगून चालू शकनार नाय."

झालं! त्या दिवसापासून मंडळाला एकच काम. हिराजीसाठी दुर्बीण निवडायची.

* * *

पहिली दुर्बीण शेठनी आणली, थेट मुंबईहून. शेठ दिलदार माणूस. त्यांचा हिशोब असा, की जेवढी मोठी तेवढी चांगली. त्यांची दुर्बीण दहापट मोठं दाखवणारी, लांबीला जवळजवळ रायफलीएवढी!

गिरणीच्या गच्चीवर हिराजीच्या हातात नुसती दुर्बीण दिली. नदीपलीकडे म्हशी चरत होत्या.

"काय दिसतंय?" शेठनी विचारलं.

"केस."

"कुणाचे?"

"त्येच त कलत नाय!"

बराच वेळ तो दुर्बीण फिरवत राहिला. जरा हात हलला की सगळी नदी हलायची. शेवटी डोळा बाजूला करून म्हणाला, "शेट, यातून म्हस सापडंपर्यंत ती घरी जाऊन दूध देऊन येल."

मंडळानं ठराव केला, चौपट पुरे. आता सगळे हेच सांगतात, जास्त पट म्हणजे कमी दिसणं. आम्हाला ते म्हशींनी शिकवलं.

* * *

दुसरी दुर्बीण डॉक्टरांच्या मेहुण्याची. चौपट, सुटसुटीत, काच सुरेख. मी स्वतः भिंग लावून तपासली आणि पास केली. मिठागरावर नेऊन इस्माईलभाईंनी ती रायफलीवर चढवली. डॉक्टर म्हणाले, "दुर्बीण माझ्या मेहुण्याची, म्हणून पहिली गोळी माझी."

ठो! डॉक्टर उठले तर उजव्या भुवईवर रक्ताची चंद्रकोर. बंदुकीनं धक्का दिला आणि दुर्बिणीची कड भुवईत घुसली!

"माझं बसणं चुकलं," डॉक्टर म्हणाले. शेठ म्हणाले, "सरका, मी दाखवतो." ठो! दुसरी चंद्रकोर. आता मी गप्प बसायला हवं होतं की नाही? पण काच मी पास केली होती ना! जन्मात पहिली गोळी झाडली आणि तिसरी चंद्रकोर घेऊन बसलो.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना टाके घातले आणि मग आरशात बघून स्वतःला घातले. असा डॉक्टर मुंबईत दाखवा मला! दुसऱ्या दिवशी न्हावी विचारतो, "तिघांना एकाच मांजरीनं ओरबाडलं काय हो?"

डोळा आणि काच यांच्यात चार बोटं अंतर पाहिजे, नाहीतर ती दुर्बीण बाद. हा नियम आम्ही रक्त सांडून काढलाय. खूण अजून आहे. ही बघा, इथे. लोक पदकं मिरवतात, मी ही मिरवतो.

* * *

मग एक दिवस मुंबईचा एक विक्रेता आला, सुटाबुटात. आमच्या शोधाची बातमी तिकडे पोचली होती म्हणे! पेटी उघडली, आत मखमल, मखमलीवर दुर्बीण. "एकदम वॉटरप्रूफ. लंडनमध्ये टेस्ट झालेली."

पनवेलच्या पावसात कपाटातल्या चपलांना बुरशी चढते. दुर्बिणीत एकदा वाफ शिरली की आतून असं धुकं धरतं, की समोर हत्ती उभा केला तरी दिसणार नाही. इस्माईलभाईंनी बादलीत कोमट पाणी घेतलं आणि दुर्बीण अलगद आत सोडली.

बुड बुड बुड! दोन्ही टोकांनी बुडबुडे!

"भाई," इस्माईलभाई शांतपणे म्हणाले, "ही दुर्बीण आहे की सोडावॉटर?"

"पण लंडनमध्ये तर..."

"लंडनला आमचा पाऊस पडतो काय?"

विक्रेत्यानं ओली दुर्बीण मखमलीवर ठेवली आणि एस.टी. गाठली. पुढे मुंबईची माणसं नवी दुर्बीण घेण्याआधी आमच्या बादलीत बुडवायला आणायची. बादली तीच, शेठच्या गिरणीतली.

* * *

एक फजिती सांगतो, पण बाहेर बोलू नका. दुर्बीण ठरावीक अंतरावर गोळ्या झाडून जुळवावी लागते. आमचं शंभर वारांचं अंतर मिठागराच्या बांधावर आखलेलं. इस्माईलभाईंनी स्वतः दोरीनं मोजलेलं, म्हणजे दगडावरची रेघ! तालुक्यातल्या झाडून सगळ्या रायफली तिथे जुळवलेल्या.

हिराजी एकदा त्या बांधावरून चालत गेला आणि परत आला. "इस्मालभाय, ह्ये शंभर नाय. मी रोज खाचरं चालतो. धा-बारा वार कमी हाय."

इस्माईलभाई चिडले. "माझ्या दोरीवर शक?" शेवटी शेठनी भूमापनवाल्याची लोखंडी साखळी आणवली. हिराजी बरोबर! दोरी होती जुन्या होडीवरची. खाडीच्या पाण्यात भिजून भिजून ती आखडली होती, आणि आमचं पनवेल कित्येक वर्षं तिच्या शंभरावर विश्वासानं गोळ्या झाडत होतं!

इस्माईलभाईंनी दोरीकडे पाहिलं, मग हिराजीच्या पायांकडे. "तौबा!" म्हणाले. "हिराजी, उद्यापासून दोरी तू."

* * *

शेवटी बाकावर दोन दुर्बिणी उरल्या. दोन्ही चौपट, दोन्ही बादलीत पास. एकीची फुली केसासारख्या बारीक तारांची. दुसरी जुनी, रंग उडालेली, कुणा परत गेलेल्या गोऱ्या साहेबाच्या सामानातली. तिच्यात तारांऐवजी खालून वर आलेली एक जाड काळी काडी. आम्ही तीन आठवडे भांडलो. मी बारीक तारेच्या बाजूनं. घड्याळजी ना मी, मला बारीकच आवडणार!

हिराजीनं दिवेलागणीला दोन्ही दुर्बिणी झाडीकडे धरून पाहिल्या. एक मिनिट लागलं असेल.

"ह्यो केस अंदारात जातो. मना खुंटा पायजे."

बस! खरंच होतं. डुक्कर निघतं संध्याकाळी, तेव्हा ती तार दिसणार कशी? आमची तीन आठवड्यांची विद्वत्ता त्यानं एका मिनिटात गुंडाळली. दुसऱ्या दिवशी मिठागरावर, साखळीनं मोजलेल्या खऱ्या दोनशे वारांवरून, त्यानं पाच गोळ्या तांब्याएवढ्या जागेत बसवल्या. इस्माईलभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, उगाच लपवू कशाला?

पाऊस तोंडावर होता. रायफल नि दुर्बीण देताना इस्माईलभाई हिराजीला म्हणाले, "हिला जिवासारखी सांभाळ. बादलीत पास झाली असली तरी चार महिने हिच्यावर एक थेंब ओल येता कामा नये."

"घरात राधाला सांगतो," हिराजी म्हणाला. "ती म्हनजे बगाय नको."

* * *

पाऊस संपला, भात पिवळं झालं आणि साहेब आले. आम्ही चौघे सकाळीच टांगा करून हिराजीच्या गावी पोचलो. अख्खा गाव बांधावर उभा. साहेब तरुण, चष्मेवाले, फार न बोलणारे. त्यांनी ओढ्यापलीकडे चुना फासलेली तीन मडकी ठेवायला सांगितली. साखळीची गरज नव्हती. हिराजीच्या पावलांनी दोनशे दहा वार.

हिराजी घरातून रायफल घेऊन आला. मागोमाग त्याची बायको राधाबाय, नवं लुगडं नेसून.

इस्माईलभाई माझ्या कानाशी लागले. "नाना, बोंबलाचा वास कुठून येतोय?"

"गाव आहे, यायचाच," मी म्हटलं.

हिराजी बांधाला टेकून बसला. रायफल खांद्याला लावली. बराच वेळ काही नाही. एकदा त्यानं मान वर करून मडक्यांकडे पाहिलं आणि परत गाल टेकवला. डॉक्टर आपली नाडी धरून उभे होते.

ठो! पहिलं मडकं फुटलं.

ठो! दुसरं.

तिसऱ्याला त्यानं आणखी वेळ घेतला. ठो! चुन्याचा नुसता धुरळा उडाला! गावानं जी आरोळी ठोकली ती कर्नाळ्याच्या सुळक्यापर्यंत गेली असेल. शेठ तर बाई-माणूस न बघता नाचायलाच लागले!

साहेबसुद्धा हसले. "रायफल बघू," म्हणाले. त्यांनी ती हातात घेतली, चष्मा वर सरकवला आणि दुर्बिणीला डोळा लावला. मग दुसरा डोळा लावला. रुमालानं काच पुसली आणि परत पाहिलं. रुमाल काळा झाला, तो त्यांनी नाकाशी नेला.

"हिला बोंबलाचा वास का येतोय?"

राधाबाय पुढे झाली. आवाजात काय तो अभिमान! "येनारच, सायब! चार म्हयने चुलीवर टांगली व्हती. बियाना नि बोंबील टांगतो ना, त्यांच्यात. एक थेंब लागू दिला नाय!"

इस्माईलभाई मटकन खाली बसले. चार महिन्यांचा धूर, चार महिन्यांचं तेल!

"पण यातून मला काहीच दिसत नाही," साहेब म्हणाले. "नुसता काळोख आहे."

हिराजी उठला. लुंगीची धूळ झटकली, ताठ उभा राहिला.

"मना बी नाय दिसत, सायब."

 शेठचा एक पाय तसाच वर राहिला. मी मनात म्हटलं, गेली बंदूक!

साहेबांनी ओढ्यापलीकडच्या खापऱ्यांकडे पाहिलं. मग दुर्बिणीकडे. मग हिराजीकडे, चांगलं निरखून. खिशातून पेन काढलं, चाचणीचा कागद माझ्या पाठीवर ठेवला आणि सही केली. त्यानंतर शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहिलं.

तो कागद हिराजीनं पुढे फ्रेम करून घरात लावला. अजून आहे. शेरा असा:

"अर्जदाराची नजर उत्तम. दुर्बीण तेवढी बदलावी."