गोल टाकीवरचा कॅमोफ्लाज

आमचे पेंटर शेखभाई यांनी टाकीवरून स्टेन्सिल उचललं आणि आम्ही दोघंही वाकून पाहू लागलो. काळ्या पट्ट्याची कड फिसकटली होती. ओल्या कागदावर शाई पसरते, तशी.

जालना एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत मी पेंट शॉप सांभाळते. सैन्यासाठी पाण्याचे टँकर बनवायची ही आमची पहिलीच ऑर्डर होती. गाडी झाडीत लपावी म्हणून तिच्यावर हिरवे, काळे, मातकट पट्टे मारतात. तोच कॅमोफ्लाज. पट्टे मनाला येतील तसे मारायचे नसतात. ड्रॉइंगप्रमाणे, आणि कड स्वच्छ. त्यासाठी स्टेन्सिल लागतं, म्हणजे हवा तो आकार कापून काढलेला पातळ पत्रा. तो धरायचा आणि वरून स्प्रे मारायचा.

सपाट दरवाज्यांवर काम झकास झालं. टाकी मात्र गोल. पत्रा नीट टेकेना, फटीतून रंग आत शिरे. चिकट स्टिकरचं स्टेन्सिल लावून पाहिलं, तर काढताना खालचा रंगच सोलून आला. दुसऱ्या दिवशी दुपारी सैन्याचं इन्स्पेक्शन होतं.

"मॅडम, ब्रशनं कड मारून घेऊ का?" शेखभाई म्हणाले.

"एका टाकीला जमेल. बाकीच्या हुबेहूब तशाच कशा दिसतील?"

मी साहेबांना फोन केला. वाटलं, ओरडतील. ते म्हणाले, "स्प्रे बंद करा. खराब माल पुढं ढकलू नका. उद्या काय बोलायचं ते मी बोलतो."

माझ्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. गेटबाहेर चहाला गेले. तिथं बोर्ड बनवणारे गौतमभाऊ एका जीपच्या दारावर बोर्ड लावत होते. त्यांनी तो नुसता टेकवला आणि तो चिकटला.

"हे काय आहे, भाऊ?"

"मॅग्नेट शीट. लोखंडाला धरती. काढली की डाग न्हाई."

"गोल टाकीवर बसेल?"

"उन्हात ठेवली की नरम पडती. मंग बराबर बसंल."

त्यांच्याकडच्या शीट एका शाळेच्या बसबोर्डांसाठी राखलेल्या होत्या. शाळेला फोन करून त्यांनी दोन दिवस मागून घेतले आणि कटर घेऊन स्वतःच आले. शेखभाईंनी फिसकटलेली जागा घासून पुन्हा रंगवली. ती सुकेपर्यंत गौतमभाऊ ड्रॉइंगवरून आकार कापत बसले. जेवायलासुद्धा उठले नाहीत.

नवीन स्टेन्सिल टाकीला कातड्यासारखं बसलं. स्प्रे मारून उचललं, तर कड सुरीनं कापल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरांनी कडेवरून बोट फिरवलं, ड्रॉइंग जुळवलं आणि "पास" म्हणाले.

मी सांगायला गेले, तेव्हा गौतमभाऊ बसबोर्ड कापत होते. "तुम्ही नसता तर..." मी म्हणाले.

"आमचे मेहुणे फौजेत असाच टँकर चालवून राह्यलेत," ते म्हणाले. "बिलकुल परकं काम न्हाई हे."

तेव्हापासून एक नियम पाळते. काम अडलं की आधी स्प्रे बंद करायचा, आणि शेजारी कोण काय करतंय ते पाहून यायचं.