इस्माईलचाचांची ट्रायल

"ट्रायल दिल्याबिगर म्या कपडा देत न्हाई," हे इस्माईलचाचांचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. भोरात त्यांचं टेलरिंगचं दुकान आणि माझं मोबाईलचं दुकान, मध्ये एकच भिंत. माझ्या लग्नाचा सूटही त्यांनीच शिवला. कच्चे टाके घालून चार वेळा अंगावर चढवला. चौथ्या वेळी मी वैतागलो, म्हटलं, "चाचा, लग्न उरकू द्या, मग घ्या पाचवी!" तर तोंडातल्या टाचण्या न काढता हसले आणि बगलेत अर्धा इंच सोडलाच.

त्यांची बायको खुर्शिदाचाची. काज-बटणं त्याच करायच्या. त्यांना ऐकू फार कमी यायचं. जवळ एक जुना बटणांचा फोन होता, त्याचा आवाज एवढा मोठा की कराडहून लेक तमन्ना काय बोलली ते माझ्या गिऱ्हाइकांनाही कळायचं. तो फोन एक दिवस धुण्याच्या बादलीत पडला. तमन्नाला लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस गेले होते. आईनं आपलं बोलणं ऐकावं, एवढंच त्या पोरीला पाहिजे होतं, आणि फोनही तेवढ्याचसाठी घ्यायचा होता.

चाचा चाचींना घेऊन दुकानात आले. "मंदार, आपल्याला चांगला फोन दे. पर आदी ट्रायल. हिला कानाला लावून बगू दे."

दिवाळीची गर्दी. काउंटरवर शिवऱ्याची चार पोरं हुज्जत घालत होती. माझं डोकं आधीच तापलेलं. मी कडाडलो, "ओ चाचा, हा काय सदरा आहे का, उसवून परत शिवायला? एकदा सील तुटलं की माल माझ्या गळ्यात! मग कुणी परत घेत नाही!"

एवढ्या मोठ्यानं बोललो की ते चाचींनाही ऐकू गेलं. बिचाऱ्या दोन पावलं मागं सरकल्या. मग मलाच कसंतरी झालं. टॅब काढून चाचांच्या हातात दिला, म्हटलं, "ही घ्या ट्रायल. ऑनलाइन."

कंपनीच्या साइटवर ती सोय होती. फोन निवडायचा, कॅमेऱ्यासमोर तळहात धरायचा, की पडद्यावर तो फोन आपल्या हातात दिसतो. फिरवा, पालथा करा, रंग बदला. चाचींनी हात पुढं केला आणि पडद्यावर बघून खुदकन हसल्या. "अगं बया, वजनच न्हाई की ह्याला!"

पुढचे पंधरा दिवस गल्लीला नुसती करमणूक. दुपारी हातातलं काम उरकलं की चाचा येऊन टॅब घेऊन बसायचे. साइटवरून लांबी, रुंदी, जाडी वहीत उतरवायची, तेवढाच पुठ्ठा कात्रीनं कापायचा, त्यावर खडूनं बटणं काढायची आणि चाचींच्या हातात द्यायचा. "अंगठा हितंवर पोचतो का? धरून फिर जरा." चाची तो पुठ्ठा कानाला लावून दुकानात फिरायच्या. तीन मॉडेलांचे तीन पुठ्ठे झाले. मी बाहेरून ओरडायचो, "हॅलो, हॅलो, चाची, रेंज आहे का?" सगळ्यांत जास्त मीच हसलो, खोटं कशाला बोलू!

पंधराव्या दिवशी चाचा म्हणाले, "माप बसलं रं. पर आवाज? त्यो कसा बगायचा ह्याच्यात?"

"आवाज सगळ्यांचा सारखाच असतो, चाचा."

साफ थाप मारली मी. त्यांनी निवडलेल्या मॉडेलचा आवाज बारीक आहे, हे उत्रोलीचं एक गिऱ्हाईक आठवडाभर आधी माझ्या तोंडावर सांगून गेलं होतं. त्याच्याच शेजारी ठेवलेला मोठ्या आवाजाचा फोन उघडून पाच मिनिटं चाचींच्या कानाला लावला असता, तर काय आभाळ कोसळणार होतं? पण नाही. मला खोकं विकायचं होतं.

सील मीच फोडलं. सिमकार्ड घातलं, रस्त्यावर जाऊन माझ्या फोनवरून लावला. काचेतून दिसत होतं, चाचींनी फोन कानाला धरलाय आणि चाचा त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघतायत. गिऱ्हाईक नवा सदरा घालून आरशापुढं उभं राहिलं की असंच बघायचे ते.

"येतंय की ऐकू!" चाची म्हणाल्या. "लई झ्याक येतंय!"

मी अजून एक शब्द बोललो नव्हतो. ते माझ्या लक्षात आलं. आलं तरी मी आत येऊन पावती फाडली.

दीड महिन्यानं दोघं परत आले. चाचांच्या चेहऱ्याचा रंगच उतरलेला. "बिगडलाय का बग रं ह्यो. तीन आटवडं झालं, तमन्नाचा फोनच न्हाई. आमी लावला तर उचलत न्हाई."

फोन ठणठणीत होता. मी दुकानाच्या नंबरावरून कराडला लावला आणि स्पीकर चालू केला. तमन्नानं उचलला.

"अगं, मी मंदार. फोन का उचलत नाहीस? अब्बा-अम्मी इथं घाबरलेत."

तमन्ना म्हणाली, "अम्मीलाच विचारा, दादा. दवाखान्यातनं केलता म्या फोन. म्हटलं, अम्मी, बाळ गेलं. तर अम्मी हसली. म्हणली, लई बेस झालं गं, अल्लानं ऐकलं. सासू बाजूलाच उभी होती."

चाचांनी काउंटर घट्ट धरला. चाची आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत हसत होत्या. "काय म्हनती? बरी हाय न्हवं?"

चाचा हळू आवाजात काहीतरी म्हणाले. चाचींनी कानामागं हात धरला. मग त्या माणसाला ओरडावं लागलं. भर बाजारात, बायकोच्या कानाशी तोंड नेऊन.

"बाळ गेलं तिचं! तिनं सांगितलं हुतं तुला! फोनवर!"

समोरच्या हॉटेलातली माणसं वळून बघायला लागली. चाचींनी हातातल्या फोनकडे बघितलं, मग चाचांकडे.

"मला वाटलं, डोहाळजेवनाचं सांगती," त्या म्हणाल्या. "ऐकू येत न्हाई म्हनले असते तर परत कुनी घेतला असता ह्यो?" मग एकदम चाचांची बाही धरली. "आवो, म्या काय म्हनले तिला तवा?"

स्पीकर चालूच होता. पलीकडं तमन्ना "अम्मी, अम्मी" करून हाका मारत होती आणि चाची आमच्या तोंडाकडे बघत विचारतच होत्या, "सांगा की कुनीतरी. काय म्हनले म्या?"